दीपगृह की पाणपक्षी? खान्देशातील नवोदित छायाचित्रकारासाठी

खान्देशाला समुद्र नाही. तरीही नवा कॅमेरा घेतलेले अनेक जण मला विचारतात की पहिल्या हिवाळ्यात कोकणातील दीपगृहांकडे जावे की भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या जलाशयावरील पाणपक्ष्यांकडे वळावे. प्रश्न आवडीचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो अंतराचा, लेन्सचा आणि तीच संधी पुन्हा किती वेळा मिळेल याचा आहे.

दीपगृह जागचे हलत नाही, त्यामुळे एक भक्कम ट्रायपॉड आणि कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची साधी लेन्स एवढ्यावर काम भागते. खरी कसोटी सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत लागते. त्याआधी उजळ आकाशापुढे दिवा फिका पडतो आणि त्यानंतर तो इतका प्रखर होतो की छायाचित्रात नुसता पांढरा डाग उरतो. झोत दर दहा सेकंदांनी फिरत असेल, तर तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेरा तेवढा वेळ प्रकाश घेत राहिला तर, तो तीनदा उमटतो. अलिबागजवळच्या थळसमोरील खांदेरी बेटावरील १८६७ सालच्या दीपगृहाजवळ जायचे तर होडी हवी आणि भरती-ओहोटीच्या वेळाही आधी पाहून ठेवाव्या लागतात. मी स्वतः रत्नागिरीला दोन संध्याकाळी उभा राहिलो. दोन्ही वेळा पश्चिमेला ढग दाटून आले आणि पुन्हा तेथे जायला पुढचे वर्ष उजाडले.

तापी आणि पूर्णा यांचे पाणी जेथे साठते, ते हतनूरचे जलाशय भुसावळकरांना तासाभराच्या अंतरावर आहे. एक रविवार वाया गेला, तरी पुढचा हाताशी असतो. माझ्या मते हाच पक्ष्यांच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा आहे, कारण उडत्या पक्ष्यावर फोकस टिकवणे हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. खर्च मात्र येथे जास्त आहे: दूरचे जवळ आणणारी किमान ४०० मिलिमीटरची लेन्स हवी आणि उड्डाणासाठी शटर उघडे राहण्याचा वेळ १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावा लागतो. थंडीत येथे चक्रवाक बदके उतरतात. त्यांचे अंग नारिंगी आणि डोके फिकट असते, म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात एक्स्पोजर थोडे कमी केले नाही, तर डोक्यावरच्या पिसांचे बारकावे पार नाहीसे होतात. उभ्याने टिपलेला पक्षी पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. चिखलात पालथे पडून, कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणला की मागचा काठ धूसर होतो आणि डोळ्यातली चमक दिसू लागते.

रानपिंगळा या दुर्मीळ छोट्या घुबडाचा मोह मात्र नवशिक्याने आवरावा. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ ज्याची विश्वसनीय नोंद नव्हती, तो पक्षी १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवून त्याला फांदीवर आणणे हा त्याच्या विणीत केलेला हस्तक्षेप आहे, आणि अशा छायाचित्राला मी चांगले म्हणणार नाही.

ज्याच्याकडे फक्त १८-५५ ची लेन्स आहे आणि ज्याची कोकणची सहल ठरलेलीच आहे, त्याने दीपगृह जरूर टिपावे. इतर सर्वांना माझा सल्ला हतनूरचाच राहील: मोठी लेन्स आधी भाड्याने घ्यावी, मातकट रंगाचे कपडे घालावेत आणि डिसेंबरात उजाडण्यापूर्वी पूर्वेकडच्या काठावर पोहोचावे, म्हणजे सूर्य वर येईल तेव्हा तो पाठीशी असेल.