तीन सर्व्हरवर केथ्रीएस: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर फोंड्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात केथ्रीएसचं, म्हणजे अनेक सर्व्हरांवर मिळून ॲप चालवणाऱ्या कुबरनेटीजच्या छोट्या आवृत्तीचं, क्लस्टर (जोडलेल्या सर्व्हरांचा गट) उभं केलं. आता शिगमोही होऊन गेला. लहान टीमने हे घ्यावं का, असं विचाराल तर माझं उत्तर हो. पण डेटा कुठे राहणार हे आधी ठरवा, सर्व्हर मग घ्या.

आमचं काम लहान हॉटेलांचं बुकिंग आणि बिलिंग. पूर्वी सगळं एकाच मशीनवर डॉकर कंपोझमध्ये (एका मशीनवर अनेक ॲप एकत्र चालवायचं साधन) चालायचं. ते बंद पडलं की कळंगुटपासून काणकोणपर्यंत सगळीकडून फोन सुरू.

बसवायला वेळ लागत नाही. केथ्रीएस म्हणजे कुबरनेटीजच, फक्त १०० एमबीहून लहान अशा एकाच फाइलमध्ये. पहिल्या सर्व्हरवर क्लस्टर-इनिट पर्याय देऊन सुरू करायचं आणि तिथलं टोकन (जोडणीची गुप्त किल्ली) वापरून उरलेले दोन जोडायचे. नोडांच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या सर्व्हरांच्या, आपसात टीसीपी ६४४३, १०२५०, २३७९, २३८० आणि यूडीपी ८४७२ हे पोर्ट उघडे हवेत. यातला शेवटचा बंद असेल तर फार छळतो: सगळे नोड 'रेडी' दिसतात, पण एका नोडवरचा पॉड (चालू ॲपचा एक तुकडा) दुसऱ्या नोडवरच्या पॉडशी बोलू शकत नाही.

दोन सर्व्हरांत भागेल का? नाही. क्लस्टरची मांडणी साठवणाऱ्या एटसीडी या डेटाबेसला बहुमत लागतं. तिनांतले दोन चालतात, पण दोनांचं बहुमतही दोनच, म्हणजे एक गेला की क्लस्टरचा कारभार थांबला. आणि डिस्क एसएसडीच घ्या. नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय एटसीडी पुढे सरकत नाही.

खरी कसोटी पावसात लागली. वीज जाते, एखादा यूपीएस लवकर मान टाकतो आणि एक नोड पडतो. पाऊण मिनिटाच्या आसपास तो 'नॉट रेडी' दिसू लागतो, पण त्यावरचे पॉड लगेच दुसरीकडे उभे राहत नाहीत. नोड परत येईल म्हणून कुबरनेटीज ३०० सेकंद वाट पाहतं. रिसेप्शनवर पाहुणा उभा असताना पाच मिनिटं फार होतात. आम्ही वेबच्या पॉडांसाठी ही मुदत ३० सेकंदांवर आणली आणि प्रत्येकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या नोडांवर ठेवल्या. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा, कारण एक प्रत चालूच असते. चवथीला ऑफिस बंद, सगळे आपापल्या गावी, आणि एका सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला. एकाही हॉटेलाचा फोन आला नाही. त्या दिवशी या व्यवस्थेवर माझा विश्वास बसला.

डेटाबेसची गोष्ट वेगळी. केथ्रीएससोबत येणारं लोकल-पाथ स्टोरेज डेटा त्याच नोडच्या डिस्कवर ठेवतं. तो नोड गेला की डेटाबेसचा पॉड दुसरीकडे सुरू होऊच शकत नाही, 'पेंडिंग'मध्ये अडकतो. लाँगहॉर्न डेटाच्या प्रती अनेक नोडांवर ठेवतं, तेही आम्ही चालवून पाहिलं. पण नोड मेला की फक्त नेटवर्क तुटलं, हे क्लस्टरला बाहेरून ओळखता येत नाही. एकच डेटाबेस दोन ठिकाणी चालू होऊ नये म्हणून स्टेटफुलसेटचा (डेटा सांभाळणाऱ्या ॲपसाठीच्या मांडणीचा) पॉड कुबरनेटीज आपणहून दुसरीकडे उभा करत नाही. हा सावधपणा मला पटतो. रात्री दोन वाजता हे निस्तरायला माणूस असेल तर जरूर करा. आमच्याकडे नाही, म्हणून पोस्टग्रेस हा आमचा डेटाबेस क्लस्टरबाहेर, रेप्लिकेशनसह (एकाची प्रत दुसऱ्यावर सतत होत राहील असा) दोन मशीनवर ठेवलाय.

बॅकअपबद्दल एक आवर्जून सांगतो. एटसीडीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) दर १२ तासांनी आपोआप निघतो आणि शेवटचे ५ राहतात, पण त्याच सर्व्हरच्या डिस्कवर. ते रोज बाहेर कॉपी करा आणि सोबत टोकनही जपून ठेवा. नव्या मशीनवर स्नॅपशॉट परत चढवताना ते लागतंच. शिवाय स्नॅपशॉटमध्ये क्लस्टरची मांडणी असते, तुमच्या ग्राहकांची बिलं नव्हेत.

खर्च सर्व्हरांवर कमी आणि विजेच्या सोयीवर जास्त झाला. प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र यूपीएस हवा. तिन्ही एकाच यूपीएसवर असतील तर पडतीलही एकत्रच. सर्व्हर नोडला किमान २ कोअर आणि २ जीबी रॅम सांगतात, आम्ही ८ जीबी घातली. ज्यांचं एकच ॲप आहे आणि तासभर बंद राहिलं तरी चालतं, त्यांनी डॉकर कंपोझच ठेवावं.