मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघात-मदत सेवा : जागेवर अधिकार कोणाचा?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघात झाला की मदत लवकर येते, हे या मार्गाने नेहमी ये-जा करणारा कोणीही मान्य करील, आणि राज्यातील बहुतेक रस्त्यांच्या तुलनेत या सेवेला मी निःसंकोच चांगली म्हणेन. मात्र धावून आलेल्या पथकांपैकी कोणाचा शब्द कोणत्या बाबतीत अंतिम मानायचा, हे तिथे अजूनही पुरेसे स्पष्ट दिसत नाही. मदतीचा वेग सर्वांना दिसतो आणि त्याची चर्चाही होते. अधिकाराचा प्रश्न मात्र अडचण आल्यावरच निघतो, म्हणून या परीक्षणात मी मुख्यतः त्याचाच विचार करणार आहे.

अपघाताची खबर गेल्यावर महामार्ग पोलीस, आयआरबी या टोल कंपनीचे देवदूत बचाव पथक, गस्तीवरील डेल्टा फोर्सचे जवान, क्रेन आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका हे सारे आगेमागे पोहोचतात, आणि घाटात बहुधा खोपोली-लोणावळा परिसरातील स्वयंसेवकही येतात. चेपलेल्या केबिनमधून चालकाला बाहेर काढण्याचे देवदूत पथकाचे आणि स्वयंसेवकांचे कौशल्य खरोखर वाखाणण्याजोगे आहे. पण कायद्याने पाहिले तर या सर्वांचे स्थान सारखे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार कर्तव्यावरील पोलिसाने दिलेल्या वाजवी सूचना पाळणे प्रत्येकावर बंधनकारक असते, त्यामुळे मार्गिका बंद करणे, वाहतूक वळवणे किंवा गर्दी हटवणे हा अधिकार पोलिसांचा आहे. टोल कंपनीच्या कर्मचाऱ्याकडे साधने असतात आणि अनुभवही असतो; परंतु त्याचे काम करारातून आलेले असल्याने तो विनंती करू शकतो, हुकूम देऊ शकत नाही.

क्रेनचेच उदाहरण घ्या. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 127 नुसार मोडलेले किंवा जळालेले वाहन वाहतुकीस धोकादायक ठरत असेल, तर ते तत्काळ उचलून नेण्यास ती हद्द असलेला पोलीस अधिकारी मान्यता देऊ शकतो. येथे हद्द महत्त्वाची ठरते. महामार्ग पोलीस वाहतूक सांभाळतात, पण गुन्हा नोंदवणे आणि पंचनामा करणे हे स्थानिक पोलीस ठाण्याचे काम असते. आणि कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतच्या सुमारे 94 किलोमीटरमध्ये हा मार्ग नवी मुंबई आयुक्तालय, रायगड जिल्हा, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड आयुक्तालय अशा चार पोलीस घटकांतून जातो. वाहन हलवण्यापूर्वी त्याची स्थिती, घसरल्याच्या खुणा आणि छायाचित्रे नोंदवून घेणे नंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी फार मोलाचे असते, म्हणून पोलिसांचा तो आग्रह मला रास्त वाटतो. तोच आग्रह जखमी माणसाच्या बाबतीत धरला गेला, तर मात्र तो कायद्याला सोडून आहे.

कारण जखमीला हलवण्यासाठी पंचनाम्याची वाट पाहावी, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. उलट सांगितलेले आहे. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले की, जीव वाचवण्याच्या आड कोणतीही कायदेशीर औपचारिकता येता कामा नये. त्या प्रकरणाच्या मुळाशी असलेला स्कूटरस्वार, जवळच्या रुग्णालयाने ‘पोलीस केस’ म्हणून वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पाठवल्यामुळे, वाटेतच दगावला होता. मोटार वाहन अधिनियमाचे कलम 134 हेच कर्तव्य वाहनचालकावर आणि डॉक्टरवर टाकते. चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी आणि डॉक्टरने कागदपत्रांची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असे ते सांगते. इतके असूनही राज्यातील दुसऱ्या एका महामार्गावर, ‘साहेब येऊ द्या, मग हलवा’ असे शब्द एका जखमीच्या शेजारी उभे राहून मी ऐकले आहेत, आणि ते बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता, भीती होती.

या ठिकाणी 108 सेवेचे वेगळेपण जाणवते. जानेवारी 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या महाराष्ट्राच्या या सेवेत गाडीबरोबर डॉक्टर असतो, आणि मान कशी आधारावी, कोणाला आधी न्यावे, कोणते रुग्णालय गाठावे हे ठरवण्यास जागेवर त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा कोणी नसतो. माझे स्पष्ट मत असे की, रुग्णाबाबत डॉक्टरचा शब्द अंतिम असावा आणि वर्दीतल्या प्रत्येकाने तो मानावा, असा लेखी आदेश या मार्गावरील सर्व यंत्रणांसाठी एकत्रितपणे निघाला पाहिजे. सध्या हे बहुतांशी समजूतदारपणावर चालते, आणि समजूतदारपणा पाळी बदलली की बदलतो.

आग किंवा रसायन असेल, तर मात्र डॉक्टरनेही थांबले पाहिजे. 13 जून 2023 रोजी खंडाळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला तेव्हा चार जणांचा मृत्यू झाला, आणि त्यांतले तिघे पुलावर नव्हे तर पुलाखालच्या रस्त्यावर होते. अशा वेळी कोठपर्यंत जायचे आणि कोणत्या रस्त्यावरून कोणाला हटवायचे, हे अग्निशमन अधिकाऱ्यानेच ठरवावे आणि पोलिसांनी ते अमलात आणावे, हाच क्रम शहाणपणाचा आहे. रस्ता देण्याच्या बाबतीतही 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांनी अग्निशमन वाहनाला पहिला, रुग्णवाहिकेला दुसरा आणि पोलीस वाहनाला त्यानंतरचा मान दिलेला आहे. त्यांची वाट अडवणाऱ्याला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 194-ई नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घाटातील कोंडीत अत्यावश्यक मार्गिकेतून गाडी पुढे दामटणाऱ्यांना याची जाणीव असल्याचे दिसत नाही.

राहिला प्रश्न थांबून मदत करणाऱ्या सामान्य प्रवाशाचा. त्याला कोणावर अधिकार नसला तरी संरक्षण आहे. त्याच अधिनियमात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134-ए नुसार सद्भावनेने मदत करताना काही चूक झाली, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि 2020 च्या नियमांनुसार त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही लागू झाली आहे, त्यामुळे ‘रुग्णालयाचे पैसे कोण भरणार’ या धास्तीने मागे सरण्याचेही कारण उरलेले नाही.

मदत करणाऱ्याच्या हक्कांची सनद रुग्णालयांच्या प्रवेशद्वाराशी, स्थानिक भाषेतही, लावणे 2020 च्या त्याच नियमांनी बंधनकारक केलेले आहे. ती रुग्णालयात वाचली जाईपर्यंत गाडी थांबवायची की नाही हा निर्णय मागे पडलेला असतो. म्हणून खालापूर आणि उर्से येथील टोलनाक्यांवर ती सनद मोठ्या मराठी अक्षरांत लावावी, आणि जागेवर कोणता निर्णय कोणी घ्यायचा याच्या चार ओळीही तिच्याखाली लिहाव्यात, अशी माझी रस्ते विकास महामंडळाला आणि महामार्ग पोलिसांना मनापासून विनंती आहे.