मे महिन्यातलं भितरकनिका आणि आमचे 26,400 रुपये

पैसे माझे एकट्याचे असते तर मी गप्प बसलो असतो. पण ते सहा जणांचे होते आणि वर्गणी मी गोळा केली होती. त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या शिक्षकांना हे आधीच माहीत झालंय. उरलेल्यांसाठी लिहितोय.

आम्ही परभणी जिल्ह्यातले जिल्हा परिषदेचे चार शिक्षक, दोघांच्या बायका धरून सहा डोकी. जगात जर्मनी अन् भारतात परभणी असेल, पण परभणीला समुद्र नाही. पाणी बघायचं तर येलदरी, पक्षी बघायचे तर हिवाळ्यात जायकवाडी. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जाऊन ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघितली आणि सगळ्यांनाच नाद लागला. टोपली उचलली की खाली दोन बोटांएवढी काळी पिल्लं, आणि सोडली की पडत-धडपडत थेट पाण्याकडे. आता पिल्लं बघून झाली, अंडी घालायला येणारी मोठी कासवं बघायची, तीही हजारोंनी, असं परतीच्या गाडीतच ठरलं. त्यासाठी ओडिशा गाठावं लागतं. वाचता वाचता भितरकनिका सापडलं. केंद्रपाडा जिल्हा, ब्राह्मणी आणि वैतरणीच्या मुखाकडचं खारफुटीचं जंगल, 1998 पासून राष्ट्रीय उद्यान, खाऱ्या पाण्यातल्या अजस्र मगरी आणि लगतच गहिरमाथ्याचा कासवांचा किनारा. एका दगडात दोन पक्षी.

फेब्रुवारीत फेसबुकवर जाहिरात दिसली. पांढुरक्या मगरीचा फोटो, सरकारी वाटावं असं बोधचिन्ह, नावात 'इको' पण आणि 'नेचर कॅम्प' पण, खाली व्हॉट्सअॅप नंबर. फोन लावला. माणूस हिंदीत बोलणारा, वाक्यागणिक 'सरजी'. मी म्हणलं, आमचा निकाल 1 मेला लागतो, सुट्टी त्यानंतरच, 8 मेपासून तीन रात्री मिळतील का? 'बिल्कुल सरजी, मई तो पीक सीझन है.' कासवं दिसतील? 'गॅरंटी.' रात्री बोटीनं गहिरमाथ्याला न्याल? 'पॅकेज में है.' स्पीकर चालू होता. आमच्या गणिताच्या सरांनी उगं मजा म्हणून विचारलं, वाघ? 'चान्स है सरजी.'

आम्ही हसलो. हसून सोडून दिलं, इथेच चुकलं.

माणशी 8,000, सहा जणांचे 48,000. आधी 12,000 अॅडव्हान्स, आठवड्यानं 'स्लॉट कन्फर्म' करायला 9,600, मग 'फॉरेस्ट परमिट' म्हणून माणशी 800 प्रमाणे 4,800. बाकीचे तिथे गेल्यावर द्यायचे. यूपीआयवर नाव आलं ते कुठल्याशा बाईचं. मी विचारलं, तर 'अकाउंट्स मॅडम हैं'. झालं माझं समाधान.

व्हाउचर मी अजून जपून ठेवलंय. वर कासवाचं चित्र, खाली गोल शिक्का. शिक्क्यातली अक्षरं मोबाईलवर मोठी करून बघितली तर अक्षरं नाहीतच, नुसते ठिपके. 'भितरकनिका' एकाच पानावर दोन तऱ्हांनी लिहिलेलं. पोरांच्या वहीत असलं दिसतं तर मी लाल पेनानं गोल केला असता. बावीस वर्षं तेच करतोय. इथे मात्र पानभर नजर फिरवली आणि ग्रुपवर टाकून दिलं: 'अभिनंदन, कन्फर्म!'

गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी सुटतं, म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच सकाळी आठला मोबाईल घेऊन बसलो. परभणीहून सिकंदराबाद, तिथून हावड्याकडची गाडी, भद्रकला उतरून चांदबाली. या सगळ्या प्रकारात खरी काय ती तेवढी तिकिटं.

एप्रिलमध्ये पेपर तपासायला बसलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बायको म्हणाली, 'अहो, तिथल्या ऑफिसात विचारा ना, बोटीला छप्पर असतं का? ह्या उन्हात बिनछपराच्या बोटीत मी नाही बसायची.' निव्वळ छपरासाठी मी ओडिशा वनविभागाच्या संकेतस्थळावरून राजनगरच्या वन कार्यालयाचा नंबर काढला. पलीकडच्या माणसानं तारीख ऐकली आणि म्हणाला, 'मई में तो सब बंद रहता है. मगर...'

हिंदीतलं 'मगर' समजून मी पुढचं ऐकायला थांबलो. वाटलं, 'मगर आप के लिए' असं काहीतरी असेल. तो म्हणाला, 'मगर अंडा देता है.'

दरवर्षी 1 मे ते 31 जुलै भितरकनिका पर्यटकांना बंद असतं. त्या दिवसांत मगरीची मादी पाला-पाचोळा रचून ढिगासारखं घरटं करते, त्यात साधारण 50-60 अंडी घालते आणि पिल्लं निघेपर्यंत राखण करते. तेव्हा तिच्याजवळून बोट गेली तर ती अंगावर येते. म्हणजे आमची शाळा ज्या दिवशी निकाल लावते, त्याच दिवशी तिकडचं गेट बंद होतं.

फोन ठेवल्यावर जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. कासवांचं समूहानं अंडी घालणं बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं, आणि एखाद्या वर्षी कासवं येतच नाहीत. गहिरमाथा 1997 पासून सागरी अभयारण्य आहे. जिथे कासवं लोटतात तिथे पर्यटकांना जाऊ देत नाहीत, मासेमारीलासुद्धा 1 नोव्हेंबर ते 31 मे बंदी असते, आणि शेजारच्या अब्दुल कलाम बेटावर क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात. तिथे हा बाबा आम्हाला रात्री बोटीनं नेणार होता! कासवांसाठी लोक गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्येच्या मुखाशी जातात, तेही वनखात्याच्या नियमात राहून. आणि भितरकनिकात वाघ नाही.

वेळासला ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या काकूंनी फोनवरच सांगितलं होतं, 'पिल्लं दिसतीलच असं नाही हो, त्यांची वेळ ती ठरवतात. जेवण मात्र वेळेवर मिळेल.' तेव्हा मला वाटलं होतं, ह्यांना धंदा करता येत नाही.

यापुढचं लिहायला जास्त जड जातंय. इथे मी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला पाहिजे होता. केला त्या सरजीवाल्यालाच. मी तणतणत होतो आणि तो शांत. 'सरजी, गव्हर्नमेंट ने अचानक बंद किया, फुल रिफंड मिलेगा.' क्यूआर कोड पाठवला. म्हणाला, आधी 8,900 चं व्हेरिफिकेशन होईल, मग 26,400 आणि हे पैसे एकदम जमा होतील. मी स्कॅन केला, पिन टाकला. शेजारी नववीतली पोरगी अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, 'बाबा, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?'

तोवर गेले होते.

त्या पोरीनंच लगेच 1930 लावून फोन माझ्या हातात दिला. त्यांनी रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक विचारला. तो यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, दुसऱ्या दिवशी परभणीला सायबर पोलिसांकडे. अर्ध्या तासात कळवल्यामुळे 8,900 पुढच्या खात्यात अडकवून ठेवता आले. हातात अजून आलेले नाहीत, पण चोराच्याही हातात नाहीत. फेब्रुवारी-मार्चचे 26,400 मात्र तेव्हाच खात्याखात्यांतून फिरून निघून गेले होते. ज्या बाईचं खातं होतं तिनं ते कमिशनवर वापरायला दिलं असावं, असं तिथल्या हवालदारांचं म्हणणं. म्हणजे मॅडम अकाउंट्सच्याच निघाल्या. शिवाय तिकिटं रद्द करताना कापलं गेलं ते वेगळं.

कुणाला जायचंच असेल तर ओडिशा वनविभागाचे नेचर कॅम्प 'इकोटूर ओडिशा' या सरकारी संकेतस्थळावर बुक होतात. तिथला पत्ता स्वतः टाइप करा, जाहिरातीतल्या लिंकवरून जाऊ नका. पैसे देण्याआधी त्या भागातल्या वन कार्यालयाला एक फोन करा आणि मुद्दाम अडचणीची तारीख विचारा. मी छपराचं विचारायला केलेला फोन फेब्रुवारीत केला असता तर हे लिहावं लागलं नसतं.

सगळ्यांचे पैसे मी परत द्यायला काढले. दोघांनी घेतले नाहीत. गणिताच्या सरांनी मोजून घेतले, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

परवा तोच पांढुरक्या मगरीचा फोटो पुन्हा समोर आला. पेजचं नाव नवं, नंबर नवा. स्क्रीनशॉट काढून पोलिसांना पाठवला, फेसबुकला रिपोर्ट केलं. त्याआधी एक मेसेज मात्र टाकून बघितला: 'जून के लास्ट वीक में मिलेगा क्या?'

मिनिटाच्या आत उत्तर आलं. 'बिल्कुल सरजी, जून तो पीक सीझन है.'