‘बॅलन्स फायनल अप्रूव्हलनंतर’: या एका ओळीत व्हिडिओग्राफरचे पैसे कसे बुडतात

बुडवणारा क्लायंट पहिल्या दिवशी ओळखू येत नाही. अ‍ॅडव्हान्स वेळेवर देतो, शूटला चहा-नाश्ता बघतो, पहिला कट, म्हणजे एडिटची पहिली आवृत्ती, पाहून ‘एक नंबर’ म्हणतो. खेळ सुरू होतो तो करेक्शनमध्ये. त्याला वाव देणारी ओळ बहुतेक वेळा आपणच कोटेशनमध्ये टाकलेली असते: ‘उर्वरित रक्कम फायनल अप्रूव्हलनंतर.’ अप्रूव्हल त्याच्या हातात. त्यानं ते दिलंच नाही, तर बॅलन्स मागायची तारीखच उगवत नाही.

समजा ९० सेकंदांची जाहिरात फिल्म, ६०,००० रुपये, त्यात २०,००० अ‍ॅडव्हान्स. दोन दिवसांच्या शूटमध्ये दुसरा कॅमेरामन, लाइट-गिंबलचं भाडं, गाडी, जेवण यांवर १८,००० गेले. म्हणजे पहिला कट पाठवताना खिशात २,००० आहेत आणि ४०,००० समोरच्याकडे अडकलेत. यापुढे तो सांगेल ते तुम्ही करणार, हे त्याला ठाऊक असतं.

मग रात्री ११ वाजता व्हॉइस नोट येते, ‘जरा एनर्जी कमी वाटतेय.’ नेमकी कुठे, ते नाही. दुसऱ्या फेरीत म्युझिक बदला. ऐकायला छोटं काम; पण ४०-४५ शॉटबदल बीटवर बसवलेले असतात, ट्रॅक बदलला की प्रत्येक शॉटबदल सरकतो आणि अख्खा दिवस जातो. तिसऱ्या फेरीत आजवर न दिसलेले ‘मोठे साहेब’ उगवतात, त्यांना पहिल्या कटची सुरुवातच बरी वाटते. चौथ्यात ‘तेवढं रीलसाठी उभं पण करून द्या.’ आडव्या फ्रेमचं उभं करायचं म्हणजे शॉट-शॉटला नवं फ्रेमिंग, आणि पाट्या-नावं पुन्हा मांडणं. पाचवा निरोप मात्र करेक्शनचा नसतो: ‘उद्या उद्घाटन आहे, एलईडी वॉलवर चेक करायचंय, वॉटरमार्क काढून पाठवा.’ (वॉटरमार्क म्हणजे चोरी टाळायला फिल्मवर टाकलेला छाप.)

फाइल गेली की फोन बंद. उद्घाटनात फिल्म वाजते, इन्स्टाग्रामवर चढते. बॅलन्स मागितला तर उत्तर तयार: ‘अप्रूव्ह कुठे केलं होतं? आम्हाला आवडलंच नव्हतं.’ आणि खरंच, आधीच्या चारही फेऱ्या त्याच्या बाजूचा पुरावा होऊन बसलेल्या असतात.

म्हणून बॅलन्स तारखेला बांधा, मंजुरीला नाही. ५० टक्के बुकिंगला, ३० टक्के शूटच्या दिवशी पॅकअपपूर्वी, २० टक्के स्वच्छ, म्हणजे वॉटरमार्क नसलेली, फाइल देण्याआधी किंवा पहिला कट पाठवल्यापासून १५ दिवसांत, जे आधी येईल ते. कट पाठवून ५ दिवसांत लेखी सूचना आली नाही तर तो मंजूर, हेही कोटेशनमध्येच टाका.

‘दोन रिव्हिजन मोफत’ एवढंच लिहिणं म्हणजे न लिहिल्यासारखंच. एक फेरी म्हणजे काय ते लिहा: एकाच माणसाकडून, एकाच यादीत, टाइमकोडसह (फिल्ममधल्या नेमक्या मिनिट-सेकंदासह) आलेल्या सगळ्या सूचना. त्या माणसाचं नाव कोटेशनमध्ये हवं, म्हणजे मोठे साहेब उगवले तर ती नवी फेरी. नाव चुकलं, लोगो जुना लागला, ही आपली चूक. ती फेरीत धरू नका. मंजूर झालेलं म्युझिक किंवा क्रम बदलायचा असेल तर ते जादा काम, दर आधीच ठरलेला. व्हॉइस नोट आली की त्याच दिवशी ईमेलवर उतरवा: ‘००:१२ ला शॉट बदलणे, ००:३१ ला नाव मोठे करणे. दोनपैकी पहिली फेरी.’ व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पाठवणारा मागाहून सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, म्हणून ईमेल.

प्रीव्ह्यूत कोपऱ्यातला लोगो काही कामाचा नाही, उभं क्रॉप केलं की तो जातो. हलक्या दर्जाची फाइल (७२० पी, कमी बिटरेट), फ्रेमच्या मधोमध पुसट वॉटरमार्क आणि टाइमकोडशेजारी व्हर्जन नंबर. म्युझिक लायब्ररीचा ट्रॅकही वॉटरमार्कवालाच लावा. लायसन्स बॅलन्स आल्यावर घ्या. रॉ फुटेजची (एडिट न केलेल्या मूळ शूटची) हार्डडिस्क त्याआधी कुणालाही नाही, ‘फक्त बघून देतो’ म्हणणाऱ्यालाही नाही.

आता एक गैरसमज. ‘फिल्म मी बनवली, पैसे येईपर्यंत कॉपीराइट माझा’ असं बरेच जण धरून चालतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ उलटं सांगतं: मोबदल्यावर कुणाच्या सांगण्यावरून केलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ती करवून घेणारा. तेव्हा ‘पूर्ण रक्कम मिळेपर्यंत फिल्म व रॉ फुटेजचे सर्व हक्क व्हिडिओग्राफरकडे’ ही ओळ सहीसकट हवीच.

क्लायंट कंपनी किंवा व्यापारी असेल तर आपली उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) उपयोगी पडते. ती मोफत होते, पण काम घेण्याआधी केलेली असावी. एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा कायदा) नुसार पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. त्यामुळे फाइल दिल्याची तारीख दाखवणारा ईमेल आणि रीतसर इनव्हॉइस जपून ठेवा. तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते.

राहिली उद्घाटनाच्या आदल्या रात्रीची घाई. वॉल खरंच तपासायची असेल तर ऑपरेटरकडून तिचं पिक्सेल रिझोल्यूशन घ्या आणि त्याच मापाची १० सेकंदांची स्वच्छ क्लिप आवाजासह पाठवा. रंग, ब्राइटनेस, पाट्यांची मापं, आवाज सगळं त्यात कळतं. ‘१० सेकंदांत नाही कळत’ असं उत्तर आलं, तर त्याच रिप्लायला बॅलन्सचं बिल जोडा.