‘ईसीटू-अदर’मध्ये लपलेले पैसे: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात अकाउंट्स बघणारे काका ठाण्यातल्या त्यांच्या सोसायटीचे खजिनदारही आहेत. त्यामुळे ‘इतर खर्च’ असं कुठे दिसलं की त्यांचे कान टवकारतात. आठ महिन्यांपूर्वी ते एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या, बिलाची प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि एका ओळीवर पेन टेकवून म्हणाले, “मॅडम, हे ईसीटू-अदर काय प्रकरण आहे? सर्व्हरपेक्षा ‘इतर’ जास्त?” ईसीटू म्हणजे एडब्ल्यूएसचे भाड्याचे सर्व्हर, पण ‘अदर’मध्ये काय ते मला सांगता येईना. “बघून सांगते काका,” म्हणाले आणि अडकले.

आमचं ॲप न्हावा शेवाहून कंटेनर नेणाऱ्या ट्रान्सपोर्टरांसाठी आहे. ड्रायव्हर गेटपास, सील, पावती यांचे फोटो टाकतात. ते मुंबई रिजनमधल्या (एडब्ल्यूएसच्या मुंबईतल्या डेटा सेंटरांतल्या) एस-थ्रीत, म्हणजे फाइल साठवायच्या सेवेत, साठतात आणि रात्री एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, ते उचलून पीडीएफ बनवतो. एवढंच.

सुरुवात कॉस्ट एक्सप्लोररने, म्हणजे एडब्ल्यूएसच्याच खर्च दाखवणाऱ्या टूलने, केली. सर्व्हिसप्रमाणे बघितलं तर काहीच कळत नाही. ग्रुपिंग ‘युसेज टाइप’वर (वापराच्या प्रकारावर) टाकलं की पोतडी उघडते. मुंबईच्या ओळी ‘एपीएस३’ने सुरू होतात. नॅट गेटवे म्हणजे आपल्या खासगी नेटवर्कमधून बाहेर जायचा दरवाजा. त्यातून गेलेल्या डेटाची नॅटगेटवे-बाइट्स ही एकटी ओळ ५०० डॉलरच्या वर होती, म्हणजे महिन्याला साधारण ९ टीबी. मुंबईत नॅट गेटवेचा दर जीबीमागे ०.०५६ डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. एक्सप्लोररबद्दल माझं मत असं की ‘किती’ हे तो छान सांगतो, ‘कोणामुळे’ हे विचारलं की गप्प बसतो. शिवाय आज केलेला बदल आकड्यात उतरायला एखादा दिवस जातो, तोवर धीर धरायचा.

‘कोणामुळे’साठी व्हीपीसी फ्लो लॉग्ज (आपल्या खासगी नेटवर्कमधल्या ट्रॅफिकची नोंद) चालू केले आणि पहिले दोन दिवस वाया घालवले. नेहमीच्या फॉरमॅटमध्ये नॅटच्या इंटरफेसवर (नेटवर्कच्या जोडावर) बघितलं तर बराच ट्रॅफिक नॅटच्याच नावावर दिसतो, खरा मालक मागे लपतो. पॅकेटचा मूळ सोर्स आणि डेस्टिनेशन पत्ता ही दोन फील्ड्स वेगळी मागून घ्यावी लागतात. मग लॉग्ज एस-थ्रीत टाकून अथेनावर (एस-थ्रीतल्या फाइलींवर क्वेरी चालवायच्या टूलवर) बाइट्सची बेरीज केली. पहिल्या दहा ओळींत एकच कहाणी: रात्रीचा जॉब आणि समोर एस-थ्री. तीन दिवसांचं चित्र पुरेसं होतं, लॉग्ज लगेच बंद केले, कारण तेही फुकट नसतात.

म्हणजे आमचे फोटो मुंबईतून मुंबईतच जात होते, पण नॅटमधून. काकांना मी असं समजावलं: ठाण्याहून ऐरोलीला कळवा-विटाव्यावरून सरळ यायचं सोडून रोज मुलुंडवरून वळसा घालून यायचं, तेही टोल चालू होता तेव्हा. (छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. पावसात विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की तो वळसाही बरा वाटतो, ते सोडा.) एका रिजनमध्ये ईसीटू आणि एस-थ्री यांच्यातल्या ट्रान्सफरला पैसे लागत नाहीत, लागतात ते मधल्या नॅटचे.

उपाय फुकटचा आहे: एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट, म्हणजे नॅट टाळून थेट एस-थ्रीला जाणारी वाट. ना तासाचं भाडं, ना जीबीचं. पाच मिनिटांत तयार केला, चहा घेतला, आणि त्या रात्री जॉब ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, देत पडला. आमच्याच एका जुन्या बकेट पॉलिसीत (एस-थ्रीतल्या फाइलींना कोण हात लावू शकतो याच्या नियमांत) नॅटचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, लिहून ठेवलेला. एंडपॉइंटमधून गेलं की एस-थ्रीला तो पत्ता दिसतच नाही. पॉलिसीत आयपीऐवजी एंडपॉइंटचा आयडी टाकून रात्री साडेबाराला झोपले. पुढच्या महिन्यात बिल निम्म्याहून जास्त उतरलं, पण हवं तेवढं नाही. कुठला ट्रॅफिक कुठल्या वाटेने जायचा हे ठरवणाऱ्या तीन प्रायव्हेट राउट टेबलांपैकी एक एंडपॉइंटला जोडायचं राहून गेलं होतं. ते जोडल्यावर बाइट्सची ओळ २५ डॉलरच्या आसपास आली, ती आजतागायत तिथेच आहे. दोन नॅटचं तासाचं भाडं, महिन्याचे साधारण ८२ डॉलर, मात्र सुरूच.

त्या यशाच्या भरात मी सहा इंटरफेस एंडपॉइंट्सही (इतर सेवांकडे जाणाऱ्या तशाच, पण भाड्याच्या वाटा) लावले. ती चूक. त्यांना प्रत्येक झोनमागे (रिजनमधल्या डेटा सेंटरांच्या प्रत्येक वेगळ्या गटामागे) तासाचं भाडं पडतं, आणि ट्रॅफिक थोडा असेल तर नॅट परवडतो. ईसीआरसाठी (ॲपची पॅकेजेस, म्हणजे कंटेनर इमेज, ठेवायच्या सेवेसाठी; हा न्हावा शेवाचा कंटेनर नव्हे) लावलेले दोन तर आम्हाला बिनकामाचे निघाले. कंटेनर इमेजचे जड लेअर एस-थ्रीतूनच येतात, ते गेटवेने आधीच वाचवले होते. सहातले चार काढले.

झोनमधल्या ट्रॅफिकचा अनुभव मिश्र आहे. एका झोनमधून दुसऱ्यात गेलं की दोन्ही बाजूंना ०.०१, म्हणजे जीबीमागे दोन सेंट. कुबरनेटिसला (ॲपच्या प्रती चालवणाऱ्या व्यवस्थेला) जवळचा पॉड, म्हणजे जवळची प्रत, निवडायला सांगितलं, महिन्याला साठेक डॉलर वाचले. पण एका सर्व्हिसचा एका झोनमध्ये एकच पॉड होता, सगळं त्याच्या डोक्यावर आलं आणि सकाळी गेटवरची गर्दी सुरू होताच तो धापा टाकू लागला. तिथे पुन्हा जुनंच ठेवलं. साठ डॉलरसाठी ड्रायव्हर रांगेत ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

इंटरनेटवर बाहेर जाणाऱ्या डेटाला मुंबईतून पहिल्या १० टीबीपर्यंत जीबीमागे ०.१०९३ डॉलर लागतात, महिन्याचे पहिले १०० जीबी माफ. फोटो क्लाउडफ्रंटमागे (एडब्ल्यूएसच्याच फाइल पोचवणाऱ्या सेवेमागे) टाकले. तिथे दरमहा १ टीबी माफ आणि एस-थ्री ते क्लाउडफ्रंट फुकट. पण खरा फरक पडला तो यादीत मूळ फोटोऐवजी छोटा फोटो दाखवल्याने. हे काम फ्रंटएंडच्या मुलाने अर्ध्या दिवसात केलं आणि श्रेय मला मिळालं.

मधल्या काळात खर्च कमी करून देणारं एक पेड टूलही महिनाभर वापरलं. त्याने सर्व्हर छोटे करण्याचे सतरा सल्ले दिले, नॅटबद्दल अवाक्षर नाही. बंद केलं.

गेल्या आठवड्यात काका पुन्हा आले, नवी प्रिंट घेऊन. पेन आता ‘पब्लिक आयपीव्ही४’वर होतं. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. “अकरा आहेत,” ते म्हणाले, “मोजलेत मी. लागतात किती?”