ऊर्जा राखावी की वळणात भिडावे : सिम्युलेटरमधील डॉगफाइटसाठी एक तुलना

दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या संगणकीय खेळात, नव्याने उतरणाऱ्यापुढे डॉगफाइटचे, म्हणजे विमानांच्या जवळून होणाऱ्या झुंजीचे, दोन मार्ग असतात. उंचीवरून झडप घालून त्याच वेगाने पुन्हा वर निघून जायचे, हा ‘बूम अँड झूम’चा मार्ग, आणि शत्रूच्या वळणाच्या आत शिरून त्याच्या शेपटीमागे पोहोचायचे, हा ‘टर्न फाइट’चा. बहुतेक जण विमान पाहून मार्ग ठरवतात. माझ्या मते आपल्यासोबत कोण उडणार आहे, हा प्रश्न त्याआधी सोडवायला हवा.

ऊर्जेचे गणित समजले की पहिल्या मार्गाची ताकद लक्षात येते. विमानाची एकूण ऊर्जा उंची आणि वेग या दोहोंत साठलेली असते आणि वेगातील हिस्सा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६० किलोमीटर वेगातील ऊर्जा सुमारे ५१० मीटर उंचीइतकी असते, तर ताशी ७२० किलोमीटर वेगातील सुमारे २,०४० मीटर उंचीइतकी. म्हणजे शत्रूच्याच उंचीवर असलेला पण दुप्पट वेगाने आलेला वैमानिक हवेचा रोध वजा जाता त्याच्या बराच वर निघून जाऊ शकतो. याउलट वेग तोच ठेवून चार जीचे (गुरुत्वाकर्षणाच्या चौपट भाराचे) वळण घेतले, तर पंखांवर उचल (विमानाला वर धरणारे बल) निर्माण करताना होणारा प्रेरित रोध सरळ उड्डाणाच्या सोळापट होतो. वळणात लढणारा ही किंमत प्रत्येक फेरीला मोजत असतो.

तरीही ऊर्जा राखून लढणे सोपे नाही. झडपेत नेम धरायला जेमतेम क्षणभर मिळतो, शत्रूने वेळीच पाहून वळण घेतले तर तो नेमही हुकतो, आणि आणखी अर्धे वळण त्याच्यामागे राहावे हा मोह आवरला नाही तर साठवलेले सारे तिथेच संपते. टर्न फाइटमध्ये शत्रू बराच काळ समोर राहतो आणि विमान स्टॉलच्या (पंखांची उचल ढासळण्याच्या) उंबरठ्यावर कसे हाताळावे हे शिकायला मिळते. मात्र वेग गेलेला असल्यामुळे मनात आले म्हणून लढत सोडून निघता येत नाही, आणि तेवढ्यात तिसरे विमान वरून आले की खेळ आटोपतो. सार्वजनिक सर्व्हरवर हे तिसरे विमान गृहीतच धरावे. म्हणून एकट्याने उडणाऱ्याने अमेरिकी पी-४७ किंवा जर्मन एफडब्ल्यू-१९० यांसारखे खाली सूर मारताना वेगवान असणारे विमान घ्यावे, लढतीच्या जागेपासून दूर राहूनच उंची गाठावी आणि पहिला मार्ग धरावा. दोनच खेळाडूंचे ठरवून द्वंद्व असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वळण आलेच पाहिजे.

भरवशाचा जोडीदार असेल तर मात्र ऊर्जेचा हिशोब दोघांचा मिळून मांडता येतो. अमेरिकी नौदलाचे जॉन थॅच यांनी १९४१ मध्ये नेमके हेच हेरले. त्यांची वाइल्डकॅट विमाने वळणात आणि चढण्यात जपानच्या झीरो विमानांच्या मागे पडत, म्हणून दोन विमानांनी समांतर उडायचे आणि एकामागे शत्रू लागताच दोघांनी एकमेकांकडे वळायचे, म्हणजे पाठलाग करणारा जोडीदाराच्या मशीनगनसमोर येतो, अशी ही रीत होती. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत ती वापरली गेली.

जोडीने उडण्याच्याही दोन पद्धती आहेत. विंगमनने (साथीच्या वैमानिकाने) लीडरच्या मागे चिकटून राहण्याची पद्धत लवकर जमते आणि फारसे बोलावे लागत नाही. पण त्यात दुसऱ्याच्या तोफा रिकाम्या राहतात आणि दोघेही एकाच वळणात वेग घालवतात. एकाने भिडायचे, दुसऱ्याने वर मोकळे राहायचे आणि गरजेप्रमाणे भूमिका बदलायची, ही पद्धत मला निर्विवाद सरस वाटते, कारण एकाची ऊर्जा संपत असताना दुसऱ्याची शिल्लक असते. ती जमण्यासाठी व्हॉइस चॅटवर शत्रूची उंची, त्याच्या वळणाची दिशा आणि कोण भिडला आहे एवढे लगोलग सांगता आले पाहिजे. हे बोलणे जमत नसेल, तोवर पहिलीच पद्धत बरी.

अशी जोडी जमली की स्पिटफायर किंवा झीरो घेऊन वळणात उतरणे एकट्याइतके धोक्याचे राहत नाही. भिन्न विमानांची जोडी असल्यास चपळ विमानाने भिडावे आणि वेगवान विमानाने वर राहावे. मात्र लढतीकडे जाताना वेगवान विमानाला डावी-उजवीकडे नागमोडी उडत अंतर राखावे लागते, कारण थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) कमी करून सोबत राहिल्यास त्याचा वेग लढत सुरू होण्याआधीच गेलेला असतो.