पगार किती ते नंतर विचारा, सुरू कधी होणार ते आधी विचारा

नव्या फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, भरतीच्या जाहिरातीत पगाराचा जो आकडा छापलेला असतो, तो बहुतेक वेळा खोटा नसतो. तेवढा पगार खरोखरच कुणाला तरी मिळत असतो. फक्त ते 'कुणीतरी' तुम्ही नसता, आणि तुम्ही त्यांच्यात कधी जाऊन बसाल हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. मला एका विमान कंपनीने याच वाटेने तोंडाला पानं पुसली. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून वकिलांकडे आहे. पण पद्धत सविस्तर लिहिते, कारण चार कलमं इकडची तिकडे करून हीच पद्धत इतर ठिकाणीही वापरली जाते, हे नंतर वेगवेगळ्या बॅचच्या मुलामुलींशी बोलताना कळत गेलं.

वैमानिकाचा पगार बाहेरच्या माणसाला वाटतो तसा सरळ महिन्याचा नसतो. बऱ्याच कंपन्यांत एक मूळ रक्कम असते आणि मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर मिळतो. तास म्हणजे ब्लॉक अवर. विमान स्टँडवरून हललं की घड्याळ सुरू, दुसऱ्या विमानतळावर स्टँडला लागून थांबलं की बंद. ब्रीफिंग, हवामानाचे कागद, विमानाभोवतीची फेरी, उशीर झालेल्या विमानाची वाट बघत बसणं, हे त्या घड्याळात येत नाही. युरोपच्या नियमांप्रमाणे सलग २८ दिवसांत १०० तासांपेक्षा आणि कॅलेंडर वर्षात ९०० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. भरतीवाले हिशोब करताना या मर्यादेच्या जवळ जाणारा, भरगच्च रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) असलेला वैमानिक धरतात, त्यात लेओव्हरचे, म्हणजे परगावच्या मुक्कामाचे, भत्ते घालतात आणि मग 'अमुक इतक्यापर्यंत' असं छापतात. 'पर्यंत' हा शब्द बारीक टायपात.

ट्रेनी मात्र कित्येक महिने एकही ब्लॉक अवर उडत नाही. परवाना हातात असला तरी विशिष्ट विमानाचं टाईप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानासाठीची वेगळी पात्रता, लागतं. आधी कंपनीच्या कार्यपद्धतीचे वर्ग, मग विमानाच्या यंत्रणांचा ग्राउंड क्लास, मग न हलणारा साधा सिम्युलेटर, मग हलणारा फुल फ्लाइट सिम्युलेटर, मग परीक्षा, मग खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंगचा सराव, आणि शेवटी लाइन ट्रेनिंग. लाइन ट्रेनिंगमध्ये खरे प्रवासी घेऊन, प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून उडायचं असतं. सुरुवातीच्या उड्डाणांना कॉकपिटमधल्या मागच्या जादा सीटवर, गरज पडली तर विमान हाती घ्यायला, एक सेफ्टी पायलटही लागतो. सगळं पार पडलं की लाइन चेक ही शेवटची परीक्षा, आणि ती पास झाली की 'रिलीज', म्हणजे प्रशिक्षकाशिवाय नेहमीच्या उड्डाणांवर जायची मोकळीक. आमच्या जगात सगळे याच शब्दाकडे डोळे लावून बसलेले असतात.

माझ्या ऑफर लेटरमध्ये नियुक्तीच्या तारखेसमोर तारीख नव्हती. तिथे लिहिलं होतं: 'लाइन ट्रेनिंग समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचा दिनांक.' तोपर्यंत मी कर्मचारी नाही, प्रशिक्षणार्थी. पगार नाही, भत्ता. तो भत्ता जाहिरातीतल्या आकड्याच्या पाचव्या हिश्शालाही पोहोचत नव्हता. सही करण्याआधी मी विचारलं, "हे पूर्ण व्हायला साधारण किती वेळ लागतो?"

एचआरच्या बाई हसून म्हणाल्या, "ते उमेदवारावर असतं, मॅडम. तुमचे मार्क बघता तुमचं तर पटकन होईल."

"मग अंदाजे काळ लेटरमध्ये घालाल का?"

"फॉरमॅट हेड ऑफिसचा असतो, आम्हाला बदलता येत नाही. आणि जागा आज संध्याकाळपर्यंतच होल्डवर आहे."

या उत्तराची खुबी पुढे लक्षात आली. 'उमेदवारावर असतं' म्हटलं की उशीर झाला तर तो तुमच्या डोक्यावर. प्रत्यक्षात आमच्या बॅचमध्ये कुणीही सिममध्ये नापास झालं नाही, तरी सगळ्यांचं भिजत घोंगडं पडलं. कारण लाइन ट्रेनिंगचा वेग ट्रेनीच्या हुशारीवर ठरत नाही. प्रशिक्षक कॅप्टन किती आहेत आणि उडायला विमानं किती आहेत, यावर ठरतो. एका प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी एका वेळी एकच ट्रेनी बसतो. कंपनीने विमानं येणार म्हणून भरती केली होती. विमानं लांबली, भरती थांबली नाही. थांबवायची कशाला? ट्रेनी जवळजवळ फुकटात तयार ठेवता येतो, आणि विमान आलं त्या दिवशी वैमानिक नसला तर मात्र कंपनीचं दिवसागणिक नुकसान. विमानं अडकण्याची कारणं कधीकधी खरोखर कंपनीच्या हाताबाहेरची असतात. दोन अपघातांनंतर मार्च २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स जगभर जमिनीवर आणली गेली आणि अमेरिकेत त्यांना पुन्हा उडायची परवानगी मिळायला नोव्हेंबर २०२० उजाडला. पण अशा वेळी कंपनी उत्पादकाशी वाद घालते, भरपाई मागते. ट्रेनीने भरपाई मागितली की तो 'निगेटिव्ह अ‍ॅटिट्यूड'.

खरा सापळा मात्र पुढच्या कलमात होता. भत्ता 'सक्रिय प्रशिक्षणाच्या दिवसांसाठी' देय. सक्रिय म्हणजे ज्या दिवशी वर्ग किंवा सिम आहे तो दिवस. ग्राउंड क्लास संपून सिमचा स्लॉट मिळेपर्यंतचा काळ सक्रिय नाही. सिमनंतर परवान्यावर नोंद होईपर्यंतचा काळ सक्रिय नाही. लाइन ट्रेनिंगच्या रोस्टरमध्ये नाव येईपर्यंतचा काळ तर नाहीच. म्हणजे अपुरा भत्तासुद्धा मधल्या रिकाम्या महिन्यांत शून्यावर येत होता. हॉटेलचंही तेच. सिमच्या दिवसांपुरती खोली कंपनीची, नंतर आपली आपण बघायची. आणि गाव सोडून घरी जायचं म्हटलं तर 'अल्प सूचनेवर उपलब्ध राहणे बंधनकारक'. मी त्याच हॉटेलात स्वतःच्या पैशाने राहिले. पावत्या जपून ठेवल्या.

दुसरं काम करावं म्हटलं, तर तेही कलमाने बांधलेलं. माझ्याकडे इन्स्ट्रक्टरचं रेटिंग होतं, फ्लाइंग क्लबमध्ये शिकवून खर्च निघाला असता. पण कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय इतरत्र उड्डाण करायचं नाही. यात सुरक्षेचं कारण अगदीच नाही असं नाही. उड्डाणाच्या तासांच्या मर्यादेत इतर व्यावसायिक उड्डाणही मोजलं जातं. पण जिला महिनोन्महिने एकही तास दिलेला नाही, तिच्या थकव्याची एवढी काळजी? परवानगीचा मेल मी पाठवला. उत्तर आलं नाही, नकारही आला नाही.

बाहेरून बघणाऱ्याला सिम्युलेटर म्हणजे गंमत वाटते, म्हणून तेही सांगते. ही यंत्रं इतकी महाग असतात की चोवीस तास चालवली जातात, आणि रात्री दोनचा स्लॉट कुणाच्या वाट्याला येतो? ट्रेनीच्या. आधी ब्रीफिंग, मग चार तास यंत्रात, दोघांनी आलटून पालटून विमान उडवायचं, एक इंजिन बंद, धूर, वाऱ्याचा फटका, मग डिब्रीफिंग. उजाडताना बाहेर यायचं. खोलीत भिंतीवर कॉकपिटचा खऱ्या मापाचा कागदी पोस्टर चिकटवलेला असतो. दोन खुर्च्या त्याच्यासमोर मांडून, कागदावरच्या स्विचांना बोट लावत आम्ही पुन्हा तेच घोकायचो. माझ्या जोडीदाराने एकदा कागदावरचा फ्लॅपचा दांडा इतका घासला की तिथे भोक पडलं. हे सगळं 'सक्रिय' काम, आणि त्याची दिवसाची किंमत कुठल्याही दुकानातल्या नव्या नोकरापेक्षा कमी.

"अगं, मग सोडलं का नाहीस?" असं घरच्यांनीही विचारलं. बाँडमुळे, म्हणजे ठरावीक मुदतीआधी सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यायच्या करारामुळे. आणि बाँडइतकंच टाईप रेटिंगमुळे. नुसतं रेटिंग हातात असून भागत नाही. त्या विमानावरचे शेकडो तास लॉगबुकात नसतील, तर दुसरी कंपनी अनुभवी म्हणून घेत नाही. आणि तास मिळतात लाइनवर. म्हणजे सिम संपल्यानंतर आणि रिलीजच्या आधी वैमानिकाची बाजारातली किंमत सगळ्यात कमी आणि कर्ज सगळ्यात जास्त असतं. बरोबर याच टप्प्यावर आम्हाला ताटकळत ठेवलं होतं. योगायोग असेल, असं एका सहकाऱ्याचं मत होतं. माझं नाही.

बाँडमध्ये तीन गोष्टी होत्या. मुदत सही केल्यापासून नाही तर रिलीजपासून मोजायची, म्हणजे वाट बघण्याचे महिने त्यातून वजा होत नाहीत. रक्कम महिन्यागणिक उतरत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण, मग एकदम शून्य. आणि प्रशिक्षणाचा खर्च कंपनी सांगेल तो, बिलं दाखवायची सक्ती नाही. बाँड असणं मला मुळात अन्यायाचं वाटत नाही. कंपनीने पैसा घातलाय, माणूस दुसऱ्या दिवशी उठून जाऊ नये, हे समजण्यासारखं आहे. पण प्रामाणिक बाँड दर महिन्याला घटतो आणि त्यामागे बिलं असतात.

या काळात एका एजन्सीचा फोन आला. लाइन ट्रेनिंग दुसऱ्या एका कंपनीत लगेच करून देतो, तासांचं पॅकेज विकत घ्या. म्हणजे प्रवाशांनी तिकीट काढून बसायचं आणि उजव्या सीटवरच्या वैमानिकानेही पैसे भरून बसायचं. याला 'पे टू फ्लाय' म्हणतात आणि युरोपियन कॉकपिट असोसिएशन ही वैमानिकांची संघटना त्याविरुद्ध सातत्याने बोलत आली आहे. गेंट विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात युरोपातल्या ६ हजारांहून जास्त वैमानिकांना प्रश्न विचारले होते. २० ते ३० वयाच्या वैमानिकांतले सुमारे ४० टक्के ज्या कंपनीचं विमान उडवतात तिच्याशी थेट नोकरीने बांधलेले नव्हते. आमच्या बॅचमधल्या एकाने ते पॅकेज घेतलं. तास संपले तसं त्याचं तिथलं उडणंही संपलं, त्याच्या जागी पुढचा पैसे भरणारा आला.

हे आजचं नाही. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं एक छोटं प्रवासी विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. चौकशीत मुख्य कारण कॅप्टनने स्टॉलच्या (पंखांची उचल नाहीशी होण्याच्या) इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद हे निघालं, पगार नव्हे. पण सुनावणीत फर्स्ट ऑफिसरचं वर्षाचं उत्पन्न १६ हजार डॉलरच्या आसपास असल्याचं समोर आलं, आणि ती ड्युटीसाठी आदल्या रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून आली होती हेही. त्यानंतर कायदा झाला, २०१३ पासून तिथे फर्स्ट ऑफिसरलाही साधारणपणे १,५०० तासांची अट आली. पगाराबद्दल कायदा गप्पच राहिला. पगार वाढले ते वैमानिकांची टंचाई झाली तेव्हा; २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या तीन उपकंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला ९० डॉलरवर नेला. पण तो दरही शेवटी तासाचाच. पहिला तास मोजायला कधी सुरुवात होते, हा प्रश्न तिथेही विचारावाच लागतो.

सही करायला बसणाऱ्यांनी 'पगार किती' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून हे विचारा: नियुक्तीची तारीख कोणती? रिलीज ठरावीक महिन्यांत झाला नाही आणि दोष माझा नसेल, तर पूर्ण मूळ पगार सुरू होणार का? दोन टप्प्यांच्या मधल्या काळाचे पैसे कोण देणार, खोलीचे कोण देणार? बाँड कोणत्या दिवसापासून मोजायचा आणि महिन्याला किती उतरणार? उत्तरं मेलवर मागा. तोंडी मिळालेलं उत्तर त्याच संध्याकाळी आपणच लिहून पाठवा, 'आज आपण सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून. त्याला उत्तर नाही आलं तरी तो मेल उपयोगी पडतो. वकिलाने माझ्याकडे पहिल्यांदा तेच मागितलं. आणि आधीच्या बॅचचे दोन जण शोधा. कंपनी ओळख करून देईल ते नव्हेत, जे सोडून गेले ते. ते सगळं बोलतात.

जे आधीच अडकलेत त्यांनी प्रत्येक सिम सेशनच्या मूल्यमापनाची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्यावी आणि लॉगबुकावर सह्या तिथल्या तिथे घ्याव्यात. निघायची भाषा केली की ट्रेनिंगची फाइल हेड ऑफिसला जाते आणि तिथून ती हलत नाही. माझ्याकडे प्रती होत्या म्हणून दुसऱ्या कंपनीने मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं नाही.

बाँडचा वाद मिटलेला नाही. त्यांच्या शेवटच्या नोटिशीत प्रशिक्षणावर झालेल्या खर्चाचा तक्ता जोडला आहे. त्यात हॉटेलचं भाडंही आहे, ज्या महिन्यांच्या पावत्या माझ्या नावावर आहेत, त्या महिन्यांचंही.